रोग्याची उठबस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



घरातील रोग्याच्या शुश्रूषेविषयी चार शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीने आम्हास आज्ञा केली. गेल्या पन्नास वर्षांत देऊळ कोणी बांधले, शाळेस जागा कोणी दिली, विहीर कोणी खणली, या सर्वांचा गौरव या महोत्सवात होत आहे व तो योग्यच आहे. परंतु रात्री दोन वाजता उठून अंथरुणास खिळलेल्या सासूची कूस बदलणारी सून, किंवा अर्धांगवायू झालेल्या बापास रोज सकाळी खुर्चीत बसवून मग कामाची गाडी गाठणारा मुलगा, यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. आजचे भाषण आम्ही त्यांच्यासाठी योजिले आहे.

औषध कोणते द्यावे हे डॉक्टर सांगतील. पथ्यपाणी काय असावे हेही ते सांगतील. परंतु रोग्यास पलंगावरून उठवावे कसे, बसवावे कसे, कुशीवर वळवावे कसे, हे फार करून कोणी सांगत नाही. ते ज्याचे त्यास येते असे गृहीत धरले जाते. आपल्या भाषेत एखाद्याची उठबस करणे म्हणजे त्याची मनोभावे सरबराई करणे. रोग्याच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा होतो. त्याची उठबस हीच त्याची मोठी सेवा होय. ही सेवा नीट न झाली तर रोग्यास इजा होते आणि सेवा करणाराही अंथरूण धरतो. हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो, म्हणून ती चूकच प्रथम सांगतो.

कित्येक वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीस होतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक वयस्क गृहस्थ, उजवे अंग लुळे पडलेले, घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी आले होते. आम्ही व एक आया, दोघी दोन बाजूंस उभ्या राहिलो, त्यांच्या काखांत हात घातले आणि जोर करून त्यांना वर ओढले. ओढताना आमच्या कमरेत अशी कळ आली की, आम्ही तेथेच पलंगाचा कठडा धरून उभे राहिलो. गृहस्थही ओरडले; त्यांचा लुळा खांदा त्या ओढण्याने दुखावला होता. आम्ही तीन आठवडे अंथरुणात काढले. त्यांचा खांदा त्याहून पुष्कळ अधिक काळ दुखत राहिला.

परंतु आमच्या मनास जे लागले ते निराळेच. आम्ही कामावर परतलो तेव्हा त्या गृहस्थांनी डावा हात कपाळाशी नेऊन म्हटले, “सिस्टर, माझ्या ओझ्यानं तुमची कंबर गेली.” त्या क्षणी आम्हास उमगले की, आम्ही त्यांना दोन दुखणी दिली होती. एक खांद्याचे, आणि दुसरे, आपण कोणासतरी ओझे झालो आहो, या जाणिवेचे. पहिले दुखणे कालांतराने बरे झाले. दुसरे बरे करण्यास आमच्याजवळ काही औषध नव्हते.

त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ परिचारिकेने आमच्यादेखत त्याच गृहस्थांना वर सरकविले. तिने पलंगाचा उशाकडील भाग सपाट केला, उशी काढून उशाकडील कठड्याशी उभी ठेविली, आणि त्यांना म्हटले, “काका, डावा गुडघा दुमडा. टाच गादीत रोवा. मी तीन म्हणताच पायाने रेटा द्या.” त्यांच्या खाली दुहेरी घडीची चादर होती, तिची एक बाजू तिने धरली, दुसरी आम्ही. “एक, दोन, तीन.” आणि ते गृहस्थ जवळजवळ आपल्याच बळाने वर गेले! त्यांच्या मुखावर त्या वेळी जे समाधान दिसले, ते आम्ही आजतागायत विसरलो नाही. आजच्या भाषणाचे सार त्या एका प्रसंगात आहे: ज्यास आपण हलवावयाचे त्याच्या अंगी जी काही शक्ती उरली असेल, ती आधी कामास लावावी, आपली शक्ती त्यानंतर.

आता असा प्रश्न कोणी करील की, रोग्यास इतके हलवावेच कशाला? आजाऱ्याने पडून राहावे, विसावा घ्यावा, हेच बरे नव्हे काय? पूर्वी वैद्यकातही असाच समज होता. १९४७ साली रिचर्ड आशर नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून या समजास जोराचा धक्का दिला. अंथरुणात पडून राहण्याने काय काय बिघडते याची त्यांनी अंग-प्रत्यंगांप्रमाणे यादीच दिली. आज ती यादी सर्वमान्य आहे. निजून असलेल्या मनुष्याच्या फुप्फुसांत कफ साचतो व न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, मलावरोध होतो, सांधे आखडतात, आणि कातडीवर शय्याव्रण पडतात. स्नायू तर पाहता पाहता झिजतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेविले असता, त्यांच्या पायांच्या मांसात सरासरीने जवळजवळ एक किलोची घट आढळली. धडधाकट माणसांची ही कथा, तर आजाऱ्यांची काय सांगावी? सबब, डॉक्टरांनी मना केले नसेल तर, रोग्यास हलविणे हे औषधाइतकेच आवश्यक होय.

मग हलविताना आपली पाठ का जाते, ते पाहू. तराजूच्या दांडीचे उदाहरण घ्या. दांडीची एक बाजू आखूड व दुसरी लांब असली तर आखूड बाजूस फार वजन घातल्यावाचून तोल साधत नाही. आपल्या पाठीचे तसेच आहे. कण्याच्या मागील स्नायू मणक्यांतील चकतीच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर आहेत. आपण दहा किलोचे वजन हात लांब करून पन्नास सेंटिमीटर पुढे धरले, म्हणजे ते तोलून धरण्यासाठी त्या स्नायूंना दहापट, म्हणजे शंभर किलोइतका ताण द्यावा लागतो. आणि तो सर्व दाब कमरेच्या चकत्यांवर पडतो. त्यात आपण वाकलो असू तर आपल्या धडाचे वजनही त्यात मिळते. आल्फ नाखेमसन नावाच्या स्वीडनच्या अस्थितज्ज्ञांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतील चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. निजलेल्या स्थितीत तो कमी, आणि पुढे वाकून वजन धरले असता फार मोठा, असे त्यांना आढळले.

हे शास्त्र आपल्या वाडवडिलांना अनुभवाने ठाऊक होते. वसईच्या बागेतून केळीचा लोंगर आणणारा मनुष्य तो हात लांब करून आणीत नाही. खांद्यावर, मानेशी भिडवून आणतो. पाण्याचा हंडा बाई डोक्यावर किंवा कमरेवर घेते, अंगापासून दूर धरीत नाही. कोळी बांधव होडी वाळूवर ओढताना तिच्याखाली लाकडाचे ओंडके घालतात; ती उचलून नेण्याचे मनातही आणीत नाहीत. आश्चर्य हे की, तीच शहाणी माणसे घरात आल्यावर आजारी आईस मात्र वाकून, हात लांब करून, काखेत धरून उचलू पाहतात. मायेपोटी मनुष्य शहाणपण विसरतो ते असे.

यास्तव पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्या, अशी आमची विनंती आहे.

पहिली: पाय खांद्यांइतके फाकून, एक पाऊल किंचित पुढे टाकून उभे राहावे. पाया रुंद असेल तर तोल जात नाही.

दुसरी: कमरेत न वाकता गुडघ्यांत व खुब्यांत वाकावे, पाठ तिच्या स्वाभाविक बाकात ठेवावी, आणि जोर मांड्यांचा लावावा. मांड्यांचे स्नायू पाठीच्या स्नायूंहून बळकट असतात.

तिसरी: रोग्याच्या होईल तितके जवळ जावे. पलंग भिंतीस टेकलेला असेल तर तो आधी पुढे ओढावा. पलंग फार ठेंगणा असेल तर एक गुडघा गादीवर टेकून काम करावे. अथवा सुताराकडून खाचा पाडलेले भक्कम लाकडी ठोकळे करवून घेऊन पलंगाच्या पायांखाली घालावे, म्हणजे शुश्रूषा करणाराच्या कमरेइतकी उंची येते. केवळ विटा रचू नयेत, त्या सरकतात. रोगी उठून चालणारा असेल तर मात्र पलंग इतका उंच करू नये की त्याचे पाय जमिनीस लागणार नाहीत.

चौथी: कंबर पिळू नये. वळावयाचे असेल तर पावले टाकून सगळ्या अंगाने वळावे. वाकणे आणि पिळणे एकत्र झाले की कमरेवर अधिकच ताण येतो.

पाचवी: उचलण्याऐवजी सरकवावे, ओढण्याऐवजी लोळवावे. होडीखालच्या ओंडक्यांची आठवण ठेवावी.

आणि या पाचांच्याही आधी एक गोष्ट येते. ती म्हणजे सांगणे. आपण काय करणार आहो, हे रोग्यास हात लावण्यापूर्वी सांगावे. त्यास ऐकू येत नाही किंवा समजत नाही असे वाटले तरी सांगावे. न सांगता हलविलेला मनुष्य घाबरून अंग आखडतो, हाती येईल ते घट्ट पकडतो, आणि मग दोघेही पडतात. दोन माणसे हलविणारी असतील तर एकानेच मोजावे व दोघांनी एकदम जोर लावावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कुशीवर वळविताना, ज्या बाजूस वळवावयाचे त्या बाजूस आपण उभे राहावे. रोग्याचा पलीकडील हात छातीवर ठेवावा, पलीकडील गुडघा दुमडून उभा करावा, एक हात त्याच्या पलीकडील खांद्याच्या मागे व दुसरा खुब्यावर ठेवून त्यास आपल्याकडे लोळवावे. दुमडलेला गुडघा तरफेचे काम करतो, त्यामुळे थोडक्या जोराने काम होते. अर्धांगवायू झालेल्याचा लुळा हात धरून मात्र कधीही ओढू नये. तो खांदा केवळ सैल स्नायूंच्या आधारावर असतो व सहज निखळतो. लुळा हात नेहमी उशीचा आधार देऊन ठेवावा.

वळविल्यावर रोग्यास अगदी काटकोनात कुशीवर ठेवू नये. सर्व भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे लोड लावून त्यास थोडे कलते ठेवावे, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी द्यावी, आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी राहतील असे करावे. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे व डोक्याची मागील बाजू या जागा दिवसातून दोनदा डोळ्यांखालून घालाव्या. पुस्तकांत लिहिलेले असते की कातडी लाल झाली म्हणजे व्रणाची सुरुवात समजावी. परंतु आपली कातडी सावळी. तीवर लाली दिसतेच असे नाही. म्हणून हाताच्या पाठीने चाचपून पाहावे. एखादी जागा भोवतालच्यापेक्षा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागली, अथवा काळसर-जांभळी दिसली, तर त्या जागेवरचा भार तत्काळ काढावा व डॉक्टरांस दाखवावे.

येथे आमच्या पिढीच्या दोन जुन्या सवयी सोडून देण्यासारख्या आहेत. दुखऱ्या जागेस स्पिरिट लावून जोराने चोळण्याची पद्धत आम्ही स्वतः शिकलो व इतरांस शिकविली. ती आता त्याज्य ठरली आहे, कारण चोळण्याने आतील नाजूक रक्तवाहिन्यांस इजा होते. तसेच मध्ये भोक असलेली रबरी चकती माकडहाडाखाली देत असत. तिच्या कडेने भोवतालचा रक्तप्रवाह दबतो, म्हणून तीही आता देत नाहीत.

कूस किती वेळाने बदलावी? इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांच्या बाबतीत दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त घातली. त्या काळी अशा रोग्यांपैकी पुष्कळ शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या विकारांनी दगावत असत. गुटमन यांचे रोगी जगले, आणि पुढे खुर्चीत बसून खेळूही लागले. आज दोन तासांचा नियम सर्वांस सरसकट लावीत नाहीत. गादी कोणती, कातडी कशी, रोगी स्वतः किती हलतो, हे पाहून अंतर ठरवितात. परंतु घरी ठरविणारा कोणी नसेल तर दोन तासांपासून आरंभ करावा, हे उत्तम.

रोग्यास पलंगावरून उठविताना घाई करू नये. आधी त्यास कुशीवर घ्यावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावे, आणि त्यास कोपराने रेटून बसावयास सांगावे. पाय खाली जातात तसे धड आपोआप वर येते. बसल्यावर दोन-चार मिनिटे तसेच बसू द्यावे. बहुत दिवस निजलेल्याचा रक्तदाब एकाएकी उतरतो व घेरी येते. “डोळ्यांपुढे अंधारी येते का?” असे विचारावे. येत असेल तर त्यास पुन्हा निजवावे. त्या दिवशी एवढेच पुरे.

खुर्चीत बसवावयाचे असेल तर खुर्ची रोग्याच्या बळकट बाजूस, पलंगाशी किंचित तिरपी लावावी. चाकाची खुर्ची असेल तर तिची चाके अडकवावी व पाय ठेवण्याच्या फळ्या बाजूस कराव्या. ह्या एका गोष्टीच्या विसराने कितीतरी माणसे आपटली आहेत! रोग्याच्या पायांत न घसरणाऱ्या वहाणा असाव्या, नुसते मोजे नकोत. त्यास कडेवर पुढे सरकवून दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकवावी, आणि नाक पायांच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुकावयास सांगावे. मनुष्य पुढे झुकल्यावाचून उठू शकत नाही. आपण स्वतः खुर्चीवरून उठताना काय करतो ते पाहावे. मग त्याच्या कमरेस बांधलेला रुंद मजबूत पट्टा धरून, आपल्या गुडघ्याने त्याच्या लुळ्या गुडघ्यास पुढून टेकण देऊन, तिनाच्या मोजणीस त्यास उठू द्यावे. उभा राहिल्यावर लहान पावलांनी वळून, खुर्ची त्याच्या पायांस मागून लागली की सावकाश बसवावे.

पुष्कळ घरांत या वेळी रोग्यास म्हणतात, “माझ्या गळ्याला मिठी घाल.” यात माया आहे, पण धोका त्याहून मोठा आहे. रोग्याचे पाय लटपटले तर त्याचा सगळा भार आपल्या मानेवर येतो व सोडविताही येत नाही. त्याचे हात खुर्चीच्या हातांवर किंवा पलंगाच्या कडेवर असावे.

चालविताना आपण त्याच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे राहावे. काठी मात्र बळकट हातात द्यावी. आणि तो पडू लागला तर? आमचे हे सांगणे ऐकून काहींना नवल वाटेल. पण त्यास उचलून धरण्याचा प्रयत्न करू नये. पडणाऱ्या देहास झेलणे कोणासही साधत नाही. तसे करू जाता दोघे पडतात. आपण जवळ असून पट्टा हाती असेल तर पाय फाकून त्यास आपल्या मांडीवरून, पायावरून हळूहळू जमिनीवर घसरू द्यावे, आणि फक्त त्याचे डोके सांभाळावे. पडल्यावर ताबडतोब ओढून उठवू नये. डोक्यास मार लागला असेल, कोठे फार दुखत असेल, किंवा एक पाय आखूड होऊन पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले दिसले, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय धरावा. अंगावर पांघरूण घालून, आहे तेथेच ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान किंवा कणा दुखावल्याची शंका असेल तर शिकलेल्या माणसांवाचून त्यास मुळीच हलवू नये. काहीही न लागल्यास एक खुर्ची त्याच्यापुढे ठेवावी, त्यास आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर येऊ द्यावे, आणि खुर्चीच्या आधाराने त्यानेच उठावे. दुसरी खुर्ची आपण मागून सरकवावी.

येथवर आम्ही रीती सांगितल्या. परंतु बंधुभगिनींनो, रीतीस मर्यादा आहे, हे न सांगता भाषण संपविले तर आम्ही तुमची दिशाभूल केली असे होईल. पूर्वी आम्हास असे शिकविले जाई की, गुडघे नीट वाकविले म्हणजे परिचारिका कितीही वजन उचलू शकते. आणि तिची पाठ दुखावली तर दोष तिच्या रीतीचा. हे खरे नाही, हे आता पुरते सिद्ध झाले आहे. रोगी म्हणजे मूठ असलेली पेटी नव्हे. तो अकस्मात हलतो, घसरतो, घाबरतो. अमेरिकेतील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हिशेब मांडून दाखविले की, अनुकूल परिस्थितीतही रोग्याचा ३५ पौंडांहून, म्हणजे सुमारे १६ किलोंहून अधिक भार एकट्याने हातांनी उचलू नये. साठ किलो वजनाच्या मनुष्याचा एक पायच सुमारे दहा किलोंचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सबंध मनुष्य उचलणे ही गोष्ट किती अवाजवी, ते समजेल. ब्रिटनमध्ये १९९२ साली यासंबंधी नियम झाले, व धोक्याची हातउचल शक्यतो टाळणे हे मालकांचे कर्तव्य ठरले. तेथील रुग्णालयांत झोळीत घालून रोग्यास उचलणारी यंत्रे, ज्यांस हॉइस्ट म्हणतात, आणि निसरड्या कापडाच्या सरकचादरी सर्रास वापरतात.

आपल्या घरांतून काय होते? सून एकटी, सासू सत्तर किलोंची, आणि मदतीस कोणी नाही. मग ती उचलते. कारण उचलल्यावाचून गत्यंतर नसते. तिला आम्ही पाय फाकून उभी राहा एवढेच सांगून घरी गेलो, तर आम्ही तिला न्याय दिला नाही. ज्या रोग्यास पायांवर मुळीच भार घेता येत नाही, त्यास एकटीने उठवू नये, हा नियम. आणि तो पाळता यावा म्हणून तिच्या दाराशी दुसरे माणूस व हाती साधन पोहोचविणे, हे आपल्या सर्वांचे काम होय.

याकरिता आमची एक सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून दगडी फलकाबरोबर धर्मग्रामाने एक साधनांचे कपाट उभारावे. त्यात चाकांच्या दोन खुर्च्या, एक कमोडखुर्ची, कमरेचे पट्टे, सरकचादरी, हवेची एक गादी आणि द्रव्य जमल्यास एक हॉइस्ट असावा. ज्याच्या घरी गरज असेल त्याने न्यावे व गरज सरल्यावर स्वच्छ करून परत आणावे. दुसरे, प्रत्येक आळीतून चार माणसांनी, पुरुषांनीसुद्धा, दोन दिवस बसून ही कला शिकून घ्यावी, आणि सकाळ-संध्याकाळ हाक येताच शेजारच्या घरी पाच मिनिटे जाऊन यावे. आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका शिकविण्यास सिद्ध आहेत. पाच मिनिटांचा दुसरा हात काय करतो, हे ज्याने एकट्याने आई उचलली आहे त्यासच विचारावे.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्याला प्रभूपाशी आणणारे चौघे होते. दारात गर्दी, म्हणून त्यांनी छप्पर उकलून खाट खाली सोडली. परिचारिकेच्या दृष्टीने आम्ही जेव्हा ती कथा ऐकतो, तेव्हा आमच्या मनात येते की, चारही कोपरे सारखे सोडल्यावाचून ती खाट सुखरूप खाली आली नसती. त्या चौघांत कोणीतरी मोजीत असला पाहिजे!

ग्रॅनडाच्या राजरुग्णालयास १५४९ साली आग लागली, तेव्हा संत जॉन ऑफ गॉड यांनी आत शिरून रोग्यांस वाहून बाहेर आणले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आगीत तसेच करावे लागते. परंतु घरची शुश्रूषा ही आग नव्हे. ती वर्षानुवर्षे तेवणारी समई आहे, आणि तिच्यातील तेल जपून वापरावे लागते. त्यांच्याबरोबरीने ज्यांस रोग्यांचे व परिचारिकांचे आश्रयदाते मानतात, त्या संत कमिलस यांच्या स्वतःच्या पायास जन्मभर न बरी होणारी जखम होती. दुखणे म्हणजे काय हे जाणणाऱ्यानेच दुखणाइतांची सेवा केली. शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेत माप दिले आहे ते स्वतःवरील प्रेमाचे. म्हणून शुश्रूषा करणाराने आपली पाठ जपणे यात स्वार्थ नाही. ती पाठ उद्याही लागणार आहे.

त्या गृहस्थांची गोष्ट पुरी करून आम्ही आपली रजा घेतो. रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशी आम्ही त्यांस पलंगावरून खुर्चीत घेतले. आम्ही मोजण्यास तोंड उघडले, तोच ते म्हणाले, “थांबा सिस्टर, आज मी मोजतो.” आणि त्यांनी मोजले; जीभ जड होती, तिसरा आकडा अर्धाच उमटला, पण आम्हास तो पुरला. ते उठले. ज्याच्या घरी कोणी अंथरुणास खिळलेले असेल, त्याने उद्या सकाळी उचलण्यापूर्वी एकदा विचारून पाहावे: तुम्ही मोजता का?

प्रभू आपणा सर्वांचे रक्षण करो.